पोच

बदलीच्या गावी माणसाला दोन गोष्टी लवकर शोधाव्या लागतात. एक जेवणाची सोय आणि दुसरी संध्याकाळ घालविण्याची जागा. पहिलीच्या बाबतीत काशीत माझी जी आबाळ झाली तिची कथा परमुलखात नोकरी केलेल्या वाचकांना सांगावयास नको. दुसरी मात्र आठवड्याच्या आतच सापडली. दशाश्वमेधावर सायंकाळी आरतीसाठी एवढी दाटी होते की पायरीवर टेकावयास जागा मिळत नाही. तेथून दक्षिणेकडे वळून शीतला घाट आणि मग आपल्या अहिल्याबाईंचा घाट मागे टाकला की मुन्शी घाट येतो. गर्दी येथवर येते, पण बहुधा थांबत नाही. मागे चुनारच्या दगडाची किल्ल्यासारखी उंच भिंत, पुढे गंगा, आणि सूर्य त्या भिंतीआड लवकर जात असल्यामुळे पाण्यावरचा उजेड मावळण्याआधीच पायऱ्यांवर उतरलेली सावली. एवढ्या भांडवलावर माझ्या तीन वर्षांच्या संध्याकाळी सुखाने गेल्या.

हा वाडा नागपूरच्या दरबारातील मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी उभारला. १९१५ साली तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, घाटाच्या एका भागाला दरभंग्याचे नाव पडले, आणि आज त्या वाड्यात एक महागडे हॉटेल आहे. उरलेल्या पायऱ्यांनी मात्र मुन्शींचे नाव सोडले नाही. राजेराण्यांच्या नावांच्या या रांगेत हे एक नाव हुद्द्याचे आहे, याचे मला प्रथमपासून कौतुक वाटत आले. मुन्शी म्हणजे लिहिणारा. एकाच्या मनातले दुसऱ्याला लिहून कळविणारा. आपल्याकडचे चिटणीस, फडणीस, पारसनीस हे याच कुळातले. तेव्हा केंद्र सरकारचा एक कारकून या पायऱ्यांवर येऊन बसतो तो काही परक्याच्या ओसरीवर बसत नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. त्या समजुतीला गेल्या वर्षी जो तडा गेला, त्याविषयी हे लिहिणे आहे.

संध्याकाळी या घाटावर पाहावे तो दर तिसऱ्या माणसाच्या हातात मोबाइल आणि त्यात कोणीतरी दूरचे माणूस. "जरा खाली धर, पाणी दिसू दे," असे सोलापूरचे कोणी आजोबा पडद्यातून सांगत असतात आणि नातू वाकून वाकून त्यांना गंगा दाखवीत असतो. याची थट्टा करण्याची आपल्या लेखकांना खोड आहे. मला ती करवत नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतावयास त्यांना अडीच-तीन वर्षे लागली. ती हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून निघाली. ती वाचताना मला लढाईच्या वर्णनापेक्षा वरसईच्या ओटीवर वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांचाच विचार अधिक येतो. त्यांच्या हाती एक दिवस जरी हे यंत्र असते! माझी आई अमरावतीस असते. तिचे गुडघे तिला काशीस येऊ देत नाहीत. पण कार्तिकातले आकाशदीप तिने माझ्या हातातून पाहिले आहेत, आणि पाहताना तिने जोडलेले हात मी पाहिले आहेत.

२०२१ साली, महामारीच्या दुसऱ्या लाटेनंतर, टपाल खात्याने अस्थी स्पीड पोस्टाने वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार आणि गया येथे पाठविण्याची सोय केली. विसर्जन घरच्यांनी घरी बसून पडद्यावर पाहावे अशी ती योजना होती. ज्यांना आपल्या माणसाबरोबर स्मशानापर्यंतही जाता आले नव्हते त्यांचा तो विधी खरा की खोटा, हे ठरविणारा मी कोण? तेव्हा यंत्राने माणूस दुरावतो की जवळ येतो, हा माझा प्रश्न नव्हे. तो वक्तृत्वस्पर्धांना सोडून देऊ. माझा प्रश्न लहान आहे. एखाद्याचा शब्द माझ्यापर्यंत पोचला. पोचला हे त्यालाही कळले आणि मलाही कळले. यानंतर माझ्याकडे त्याचे काय देणे निघते?

पूर्वी या देण्यातून सुटावयास टपाल हा एक सोयीचा आरोपी होता. 'पत्र मिळाले नाही' या तीन शब्दांआड कितीतरी आळस, भिडस्तपणा आणि राग सुखाने लपून राही. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने निरोप वाचला गेल्याची दोन निळ्या टिकांची खूण दाखवावयास सुरुवात केली आणि तो आरोपी निर्दोष सुटला. (ही खूण बंद ठेवता येते हे मला ठाऊक आहे. आमच्या कार्यालयातील बरेचजण ती बंद ठेवतात आणि त्यामुळेच ओळखू येतात.) योगायोग असा की त्याच महिन्यात केंद्र सरकारने निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' सुरू केले. बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' असे लिहून देण्याऐवजी यंत्रावर अंगठा ठेवावा आणि संगणकाने ते सरकारला कळवावे, अशी ती व्यवस्था. वाचल्याचा पुरावा आणि जगल्याचा पुरावा एकाच महिन्यात आमच्या बोटांवर आला. हे दोन्ही पुरावे माझ्या गोष्टीत पुढे एकत्र येतात, म्हणून येथेच सांगून ठेवले.

घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या विदर्भाकडच्या एक वृद्ध बाई राहतात. काशीवास करावयास त्या दहा वर्षांपूर्वी आल्या. यजमान टपाल खात्यात, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. आयुष्यभर धावत्या गाडीत रात्री जागून लोकांची पत्रे लावीत असत. त्यांच्यामागे कुटुंब-निवृत्तिवेतनावर बाईंचे चालते. एकुलता एक मुलगा आयर्लंडमध्ये, डब्लिनला असतो. मी त्यांना आजी म्हणतो. त्या मला, मी कार्यालयात अधिकाऱ्यांपुढे कितीही ताठ उभा राहत असलो तरी, बाळ म्हणतात. मुलाशी बोलावयाचे तर आजी फोन करू शकतात, आणि करतातही. पण त्यांची तक्रार अशी की, "फोनवर तो नुसता हं, हं करतो. मला काय सांगायचं ते राहूनच जातं. लिहिलेलं बरं. लिहिलेलं माणूस पुन्हा बघतो." बोललेला निरोप ध्वनिमुद्रित करून पाठविता येतो हे मी त्यांना दाखविले होते. समोरून हं देखील येत नसेल तर बोलावयाचे कोणाशी, असे त्यांनी विचारले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. पडद्यावरची अक्षरे त्यांना लागत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा, मुन्शी घाटाच्या पायरीवर, त्या सांगतात आणि मी त्यांच्या फोनवर लिहितो.

गेल्या भाद्रपदात त्यांनी जे सांगितले ते मला जवळजवळ शब्दशः आठवते, कारण पुढे त्यावर फार विचार करावा लागला. "चिरंजीव बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व कुशल, तुझे कुशल कळवीत जावे. विशेष असे की, डाव्या डोळ्याला आता पायरी कुठे संपली आणि पाणी कुठे लागले ते समजत नाही. डॉक्टर म्हणतात दिवाळीनंतर उरकून टाकू. त्याची काळजी नको. दुसरे, आर्वीचे घर पडत चालले. तुझा चुलतभाऊ म्हणतो, गिऱ्हाईक आहे, विकून टाकू. माझे मन होत नाही. पण माझ्यामागे ते तुझे आहे. तेव्हा विकावे की ठेवावे, तुझ्या मनात खरे काय ते लिही. मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस."

मी लिहिले: 'मी ठीक आहे. डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर. आर्वीच्या घराला गिऱ्हाईक आले आहे. विकावे का?'

यात खोटे काहीच नव्हते. आमच्या कार्यालयात यालाच चांगला संक्षेप म्हणतात. मुलगा कामात असेल, तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ असेल, एवढे लांबलचक कोण वाचतो, असा माझा हिशेब. दोन टिका निळ्या झाल्या आणि अर्ध्या मिनिटात खाली उत्तर उमटले: उभ्या अंगठ्याचे एक पिवळे चित्र.

"काय म्हणतो?" आजींनी विचारले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता आणि पडद्यावरचे चित्र त्यांना दिसत नव्हते. मी म्हणालो, "होय म्हणतो. सवडीने सविस्तर लिहितो म्हणाला." आजी काही वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणून उठल्या.

दोन वाक्यांपैकी पहिले मी अर्थ म्हणून काढले होते आणि दुसरे पदरचे घातले होते. दया म्हणून घातले, असे मी त्या वेळी स्वतःस सांगितले. पुढच्या आठवड्यात आजींनी विचारले, सविस्तर आले का? त्यापुढच्या आठवड्यातही विचारले. तिसऱ्या आठवड्यात त्या सहज बोलून गेल्या, "पुतण्याला कळवून टाकलं. कार्तिकात व्यवहार कर म्हणून. मुलाचंच मन नाही तर मी कोणासाठी अडवून धरू?"

तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

कारकुनाच्या मनाला घोर लागला की ते आधार शोधू लागते. मी रात्री बसून अंगठ्याचा अर्थ शोधू लागलो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टात, ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही' या शब्दात 'खूण' धरावी असे म्हटले आहे. आपल्याकडच्या अंगठ्याला तेथे आधार मिळतो. पण हा अंगठा निराळा. शोधता शोधता कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातील एक निकाल सापडला. धान्य विकत घेणाऱ्या एका कंपनीने जवस खरेदीच्या कराराचे छायाचित्र एका शेतकऱ्याला फोनवर पाठविले आणि मान्य असल्यास कळवावे असे लिहिले. शेतकऱ्याने अंगठ्याचे चित्र पाठविले. पुढे भाव चढले, जवस काही आला नाही, आणि प्रकरण न्यायालयात गेले. शेतकऱ्याचे म्हणणे असे की, अंगठा म्हणजे करार मिळाल्याची केवळ पोच, मान्यता नव्हे. २०२३ साली न्यायालयाने ते मानले नाही आणि त्याला सुमारे ब्याऐंशी हजार कॅनेडियन डॉलर द्यावयास लावले. पुढल्या वर्षी अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

कायद्याने माझी बाजू लागत होती. अंगठा म्हणजे होय. तरी माझे समाधान होईना, कारण जवसाच्या करारात शेतकऱ्याला सबंध करार दिसत होता. डब्लिनच्या मुलाला काय दिसले होते? 'माझे मन होत नाही' हे त्याला दिसलेच नव्हते. 'खरे काय ते लिही' हे दिसले नव्हते. त्याने अंगठा दिला तो आईला नव्हे, माझ्या संक्षेपाला.

येथे मला कार्यालयातील माझ्या कामाविषयी बोलणे भाग आहे. आमच्या नियमपुस्तिकेत एक जुना आणि शहाणा भेद आहे. संसद-सदस्याचे पत्र आले तर पंधरा दिवसांत पोच द्यावी आणि त्यापुढील पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. पोच निराळी, उत्तर निराळे. एकाने दुसऱ्याचे देणे फिटत नाही. आता नस्त्या संगणकावर चालतात. टिपणीचा कागद तेथेही हिरवाच ठेवला आहे, बहुधा आमच्या डोळ्यांना धक्का बसू नये म्हणून. नागरिकांची गाऱ्हाणीही संगणकावरूनच येतात, आणि २०२४ पासून ती एकवीस दिवसांत निकाली काढण्याचा दंडक आहे. दंडक चांगलाच आहे. पूर्वी माणसे निवृत्त होऊन मरत, तरी कागद टेबलावर असत. पण एकविसावा दिवस जवळ आला की आम्ही काय करतो ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच करतो. त्याच भाद्रपदात एका निवृत्त गृहस्थांचे तीन पानी गाऱ्हाणे माझ्याकडे आले. दिवंगत पत्नीचे नाव अभिलेखात चुकीचे लागले होते. त्यामुळे त्यांचे पैशाचे काही अडले नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहिले होते. एवढेच की बेचाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईचे नाव सरकारच्या दप्तरी नीट असावे. मी विषय लिहिला: 'अभिलेखातील दुरुस्ती'. उत्तर लिहिले: 'आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे पाठविण्यात आला आहे.' आणि विसाव्या दिवशी प्रकरण निकाली काढले. त्यांना काय मिळाले? पोच. आम्ही तिला उत्तर म्हटले. माझा अंगठा जरा लांब वाक्यात होता, एवढाच फरक.

हल्ली फोन स्वतःच तयार उत्तरे सुचवितो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले तर ती शोकपत्रसुद्धा डोळ्यांत पाणी येईल असे लिहून देते. यावर संतापणारे पुष्कळ लेख येतात. मला त्या संतापाचा अधिकार वाटत नाही. 'विचाराधीन आहे', 'नोंद घेण्यात आली आहे', 'कळविण्यात येईल', ही वाक्ये यंत्रांनी आमच्यापासून शिकली असावीत. मुन्शीचा धंदाच असा की शब्द दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहावयाचे. यंत्र तेच करते आणि पगारवाढ मागत नाही.

मग डब्लिनच्या मुलाचे, किंवा माझे, चुकते कोठे? एक बाजू अशीही आहे की आलेल्या प्रत्येक शब्दाचे देणे मानले तर माणसाला जगणे अशक्य होईल. सकाळी उठल्यापासून सुप्रभात, सुविचार, औषधी पाने, पुढे ढकललेली देशभक्ती. कार्यालयाच्या समूहात साहेबांच्या प्रत्येक वाक्याखाली अठरा जोडलेले हात. न मागता कोणी दारात माल आणून टाकला तर त्याचे बिल माझ्या नावावर लागत नाही. हे अगदी रास्त आहे. सगळ्यांना पाठविलेले कोणालाच पाठविलेले नसते, आणि त्याला अंगठादेखील देणे लागत नाही. तेव्हा कोणत्या निरोपाचे देणे लागते आणि कोणत्याचे नाही, हे कशावरून ओळखावे?

मला वाटते, आपल्या जुन्या लोकांनी त्याची खूण पत्राच्या पहिल्याच ओळीत ठेवली होती. तिला ते मायना म्हणत. तीर्थरूप, चिरंजीव, गंगाभागीरथी, राजमान्य राजश्री. आम्ही शाळेत ते पाठ केले आणि नंतर हसून सोडून दिले. त्यातला पुष्कळ भाग हसण्यासारखा आणि काही भाग, विशेषतः विधवांसाठीचा, दुष्टपणाचाही होता, यात शंका नाही. पण मायन्यामुळे एक गोष्ट टळत नसे. लिहिणाऱ्याला लिहिण्याआधी ठरवावे लागे की समोरचा माझा कोण आणि मी त्याचा कोण. चांगदेवांची कथा आपण सर्व जाणतो. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने चिरंजीव म्हणावे, तर अधिकाराने तीर्थरूप म्हणणे प्राप्त. शेवटी कोराच कागद पाठविला. मुक्ताबाईंनी त्यावरून त्यांची काढलेली फिरकी प्रसिद्ध आहे. पण मला कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या कोऱ्या कागदाला उत्तर गेले, आणि तेही पासष्ट ओव्यांचे. कागदावर एक अक्षर नव्हते. परंतु तो कोणी, कोणाला, किती अडखळून पाठविला होता हे सगळे त्यात होते. कोऱ्या कागदाचेही देणे लागते, ते यामुळे.

मराठीत 'पोच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पत्र मिळाल्याची पोच, आणि दुसरी 'त्याला काही पोच नाही' असे आपण म्हणतो तेव्हाची. म्हणजे माणसाची आणि प्रसंगाची जाण. पहिली पोच आता यंत्र देते, न चुकता देते, आणि तिच्यासाठी कोणी खोळंबून राहत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. दुसरी यंत्राकडे नाही हे म्हणणेही सोपे आहे. अवघड हे आहे की ती माझ्याकडे असूनही मी वापरली नाही. आजींच्या निरोपातले मी पहिले काय गाळले? मायना. 'चिरंजीव बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद' हे मला अडगळ वाटले. त्यानंतर उरले ते कोणीही कोणासही पाठवावे असे होते. घर-दलालाचेही वाटले असते. आईचे पत्र मी चौकशीचे केले आणि मुलाने चौकशीला जे पुरते ते दिले. त्याने देणे चुकविले असे मी तीन आठवडे मनात म्हणत होतो. खरे म्हणजे देणे त्याच्यापर्यंत मी पोचूच दिले नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आजींना सगळे सांगितले. सविस्तर येणार नाही, कारण तो तसे म्हणालाच नव्हता. तो होयसुद्धा म्हणाला नव्हता. मी थोडक्यात लिहिले होते आणि त्याने अंगठा पाठविला होता.

"अंगठा?" आजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पाचव्या वर्षी पाटीवर सही गिरवून घेतली होती मी त्याच्याकडून. इंजिनिअर केला. आणि अंगठा उठवतो?"

मी समजावू लागलो की हा तसला अंगठा नव्हे, हे चित्र असते, सगळेच पाठवितात. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. मग एकाएकी हसल्या. आदल्या नोव्हेंबरात त्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मीच त्यांना घेऊन गेलो होतो. भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेलेल्या. यंत्राने सहा वेळा त्यांना नाकारले. शेवटी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची जी सोय झाली आहे तिने काम भागले. त्या वेळी त्या तेथल्या मुलाला म्हणाल्या होत्या, "अंगठा गेला रे बाबा, तोंड तेवढं जिवंत आहे." ते त्यांना आठवले असावे. "असू दे," त्या म्हणाल्या. "अंगठा आला म्हणजे जिवंत आहे. मी तरी नोव्हेंबरात सरकारला दुसरं काय कळवते?"

एवढ्यावर त्या मला सोडून देतील असे वाटले होते. पण पदर सावरून त्यांनी विचारले, "आणि तू रे? तुला कोणी सांगितलं होतं थोडक्यात लिहायला?"

मला उत्तर सुचले नाही. वेळ वाचावा म्हणून, असे म्हणणार होतो. पण कोणाचा वेळ, हे त्यांनी लगेच विचारले असते. "ह्यांच्या डब्यात पत्रांची पोती यायची," आजी म्हणाल्या. "रात्रभर चेंगरून जायचे ते. पण एकाही पत्राचा कोपरा दुमडू दिला नाही कधी. वाचायला येत होतं त्यांनाही."

मी म्हटले, पुतण्याला आधी फोन करू, व्यवहार थांबवू. तो आम्ही तेथूनच केला. पुतण्या थोडा वैतागला, पण थांबतो म्हणाला. मग आजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि मी पुन्हा पहिल्यापासून लिहिले. चिरंजीव बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. पायरी, पाणी, डोळा, आर्वी, 'माझे मन होत नाही', 'मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस', सगळे. या खेपेस त्यांनी शेवटी एक वाक्य वाढविले: "मागील पत्र ज्याने लिहिले त्याचा दोष नाही, तो सरकारी माणूस आहे." तेही मी लिहिले. त्यांच्या नावाच्या जागी मी नेहमीप्रमाणे आशीर्वादाच्या हाताचे चित्र टाकू लागलो तर त्यांनी माझे मनगट धरले. "मला सही येते," म्हणाल्या. पिशवीतून पेन्शनच्या पुस्तकाचा एक कोरा कागद काढला, त्यावर, डोळ्याला दिसत नसल्याने जराशी वर चढत गेलेली, मोठ्या अक्षरांतली सही केली, आणि मी तिचे छायाचित्र काढून निरोपाखाली जोडले.

त्या निवृत्त गृहस्थांच्या बाबतीत मला इतके सहज काही करता आले नाही. निकाली निघालेले प्रकरण कारकुनाला परत उघडता येत नाही. अपील त्यांनीच करावयाचे असते. संबंधित शाखेतील ओळखीच्या माणसाला मी स्वतः जाऊन भेटलो, पत्नीचे नाव कसे हवे ते कागदावर लिहून दिले, आणि त्या गृहस्थांना नियमात न बसणारे एक साधे पत्र हाताने लिहून पोस्टात टाकले. 'महोदय' लिहिल्यावर पुढे काय लिहावे यावर माझा बराच वेळ गेला. दुरुस्ती अजून व्हावयाची आहे.

निरोप गेला तेव्हा दशाश्वमेधावरची आरती संपत आली होती आणि घंटांचा आवाज पाण्यावरून येत होता. दोन टिका निळ्या झाल्या. अर्धे मिनिट गेले, एक मिनिट गेले. अंगठा उमटला नाही. मग वर, मुलाच्या नावाखाली, 'टाइप करत आहे' अशी बारीक अक्षरे दिसली. ती गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. नावाडी शेवटच्या फेरीसाठी ओरडत होता आणि वरच्या हॉटेलातले दिवे लागले होते.

"काय म्हणतो?" आजींनी विचारले.

"लिहितो आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग फोन माझ्या हातातून घेतला, उजव्या डोळ्याजवळ धरला, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.